कॉम्प्युटरसाठी माणूस पाहिजे

कॉम्प्युटर येऊन दोन महिने झाले, तरी तो फुलाफुलांच्या कव्हराखालीच होता. ही गोष्ट नव्वद सालची. धुळ्याच्या कापूस संघाच्या कचेरीत तो चालवणारं कुणी नव्हतं, आणि त्यापायी हेडक्लार्क सुकदेवनानांचं घरी जाणं अडलं होतं. सात वर्षं ते भाड्याच्या खोलीत हातानं खिचडी रांधत होते. घर आणि बायको भागाबाई अमळनेरला. चेअरमन रुपचंदशेठ म्हणाले होते, "नाना, माणूस शोधा, दुसऱ्या दिवशी अमळनेरच्या बदलीची ऑर्डर घ्या."

जाहिरात वाचून सहा जण आले. सगळ्यांची सर्टिफिकेटं एकाच क्लासची. नानांनी यंत्र बसवून गेलेल्या इंजिनिअरनं लिहून दिलेला कागद काढला आणि एरंडोलच्या मगनला म्हणाले, "करा चालू."

चपला बाहेर काढून मगन आत आला आणि यंत्रासमोर हात जोडून उभा राहिला.

"काय झालं?"

"नाना, बठ्ठं पाठ शे. पन हात लायेल नही."

"सगळं पाठ, आणि हात लावला नाही? मग सहा महिने शिकले काय?"

"कॉम्प्युटर एक, पोरं चाळीस. मना नंबरच उना नही. सर फळावर काढीसन दखाडेत."

पहाटेच्या एस्टीनं आलेल्या पोराला तसंच परत धाडणं नानांच्या जिवावर आलं. त्यांनी पोहे मागवले आणि कागदात बघत स्वतःच दाखवलं. आधी स्टॅबिलायझर, मग फ्लॉपी, तिचा खटका, मग बटण. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. यंत्रानं तारीख विचारली. नानांनी ती भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहून घातली.

दाराशी उभी असलेली कुंदा म्हणाली, "त्याले दखाडं, मंग आम्हले का बरं नही?"

बरोबरच होतं. नानांनी यंत्र बंद करून तिला पहिल्यापासून दाखवलं. तिसऱ्याच्या वेळी तारीख पाहावी लागली नाही. चौथ्याच्या वेळी कागद खिशात गेला. सहावा बटणांना बोटच लावीना. "अरे, चावत नही ते," म्हणत नानांनी पडद्याकडे बघतच त्याच्याकडून पत्र टाइप करवून घेतलं.

तेवढ्यात रुपचंदशेठ आत आले. बराच वेळ मागं उभे राहिले आणि हसले. "नाना, सापडला की माणूस!"

"कोणता?" नानांनी वळून सहाही जणांकडे आशेनं पाहिलं.

"त्यांच्याकडे काय बघताय?"

नानांचा चेहरा उतरला. पण ते हार मानणारे नव्हते. "शेठ, मगनला महिन्याभरात तयार करतो. मग तरी सोडाल?"

शेठ कबूल झाले. रोज संध्याकाळी मगन एस्टीनं येऊ लागला, मगनबरोबर बाकीचे पाचही. महिन्यानं मगन तयार झाला, आणि त्याला नाशिकच्या कारखान्यानं उचललं. मग कुंदाला तयार केलं. तिला जळगावची बँक मिळाली. पाठोपाठ उरलेले चौघेही उडाले. धुळ्यात "नानांकडं शिकलो" हेच सर्टिफिकेट चालू लागलं.

दिवाळीला नाना पोरांनी नोकरीचे म्हणून दिलेले पेढ्यांचे सहा पुडे घेऊन अमळनेरला आले. भागाबाईंनी एकेक पुडा कुणाचा ते विचारून घेत देवापुढं ठेवला आणि नानांना पाट मांडून दिला.

"तुमना हातखाले शिकेल बठ्ठा नोकरीले लागनात," त्या ताट वाढता वाढता म्हणाल्या. "आते तुम्हीन पुढला पोरले एखादा कच्चा मास्तर पाहीसन क्लास लावा. त्याले कोनी उचलनार नही. तव्हयच सुटशात."