कारागिराला चहा नाही

आमच्या शेजारच्या नाना पाटलांकडे टपाल आणणाऱ्याला चहा मिळतो, भंगारवाल्यालाही मिळतो. स्वतःच्या कारागिराला मात्र मिळत नाही.

मूळचे राईगावचे नाना मीरा रोडच्या आमच्या इमारतीत राहून घरदुरुस्तीची कामे घेतात. नळ, गळती, फरशी, काहीही सांगा. पण पगारी माणूस एकही नाही. जो मोकळा असेल, त्याला कामापुरता धाडायचा. "मानूस ठेवला की त्याचं घर पन ठेवावं लागतं, वयनी," हे त्यांचे ब्रीद. आणि चहा? "चा पाजला की इचारावं लागतं, पोरं किती. मंग झालाच ना तो आपला!"

या तत्त्वज्ञानाची फळे माझे न्हाणीघर भोगत होते. भिंतीवर ओलीचा हिरवट ढग पसरत चालला होता; धुतलेल्या टॉवेलांनाही शेवाळाचा वास येई. चार वेळा चार निराळी माणसे आली. प्रत्येकाने भिंतीवर टकटक केले आणि मलाच विचारले, "मॅडम, लीकेज कुठंय?"

पाचवा आला दिलीप. त्याने भिंतीला कान लावला, डोळे मिटले आणि नेमकी फरशी उखडली. खाली पाणी झुळझुळत होते. "उद्या संपवतो," म्हणाला.

संध्याकाळी मी नानांच्या घरी जाऊन त्यांना ही सुवार्ता सांगत होते, तोच दिलीप दारात उभा.

"नाना, वसईला कायमची नोकरी मिळतेय. उद्याच हजर व्हायचंय. तुम्ही ठेवत असाल तर नाही जात."

"जा," नाना म्हणाले.

"अहो, जा काय?" माझा संयम सुटला. "माझ्या उखडलेल्या फरशीवर आता सहावा माणूस पाठवणार? इतकी वर्षं धंदा करताय, एक माणूस ठेवता येत नाही तुम्हांला?"

नानांनी भिंतीकडे तोंड फिरवले.

"आमचं मिठागर व्हतं. बापूस रोज सकाळी मजुरांना आपल्या हातानं चा देय. मिठागर बंद झालं, तवा उद्यापासून येव नका, हे सांगाला मला धाडला. सगल्यांनी आपापले कप धुतले, पालथे घातले, मंग गेले."

दिलीपने हत्यारांची पिशवी खांद्याला लावली.

"बस खाली!" नाना खेकसले आणि आत गेले. भांडे आदळले. ठेचलेल्या आल्याचा तिखट वास बाहेर आला, आणि त्यामागून चिडलेला आवाज:

"दिलप्या, पोरं किती रं तुला?"