सहा हजार भागिले उपस्थिती

चौथ्या श्रेणीच्या एका फुटबॉल क्लबमध्ये एका रविवारी साठ प्रेक्षक कमी आले. क्लबच्या कार्यकारिणीने या घटनेची गंभीर दखल घेतली. पाचवी श्रेणी अस्तित्वातच नसल्यामुळे क्लबची घसरण गेली अकरा वर्षं थांबलेली होती, आणि कार्यकारिणी ती आपली कामगिरी मानत होती. त्यामुळे साठ माणसांचं न येणं तिला फारच लागलं.

खरं कारण तिकीटबाबूला ठाऊक होतं. त्या दिवशी गावात दोन लग्नं होती. पण त्याला कोणी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. सव्वीस वर्षं तिकीटखिडकीत बसून तो एवढं शिकला होता की, न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं तर त्या उत्तराची जबाबदारीही आपल्याच गळ्यात पडते. खिडकीत त्याच्याकडे दोन कामं होती. तिकिटं फाडायची, आणि मुठीत मावणाऱ्या खटक्याच्या यंत्रावर आत जाणारी माणसं मोजायची. एक माणूस, एक खटका. सामन्याच्या सत्तराव्या मिनिटाला तो यंत्रावरचा आकडा माइकवरून जाहीर करायचा आणि प्रेक्षक टाळ्या वाजवायचे. आपण आलो याबद्दल आपलंच कौतुक करून घ्यायची ही पद्धत क्लबच्या स्थापनेपासून होती.

कार्यकारिणीच्या सभेत खजिनदारांनी मार्ग काढला. ते शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक होते आणि आयुष्यात त्यांनी उत्तर न काढता कुठलंही उदाहरण सोडलेलं नव्हतं.

"एका सामन्याला खर्च येतो सहा हजार," ते म्हणाले. "तीनशे माणसं यायची, तेव्हा तिकीट वीस होतं. सहा हजार भागिले तीनशे, वीस. आता दोनशे चाळीस आली. सहा हजार भागिले दोनशे चाळीस, पंचवीस. यात मतभेदाला जागाच कुठे आहे?"

मतभेदाला जागा नव्हती. यापुढे प्रत्येक सामन्याचं तिकीट आधीच्या सामन्याच्या उपस्थितीवरून काढायचं, असा ठराव एकमताने मंजूर झाला. अध्यक्षांनी भाषणात सांगितलं की, आता दर ठरवण्यात कोणाच्या मर्जीचा प्रश्न उरला नाही, दर प्रेक्षकच ठरवणार आहेत. हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की, त्यांनी ते इतिवृत्तात दोनदा लिहून घेतलं.

पुढच्या रविवारी तिकीटबाबूने पाटीवरचा वीस पुसून पंचवीस लिहिला. दोनशे माणसं आली. त्यापुढच्या रविवारी तीस लिहिले, तेव्हा दीडशे आली. मग चाळीस. न्हावी आपल्या दोन भावांना घेऊन नेमाने यायचा. तो खिडकीपाशी आला, पाटी वाचली आणि म्हणाला, "बाबू, पाटी चुकली का?"

"पाटी बरोबर आहे. भागाकार आहे तो."

"मग आम्ही येतोच," असं म्हणून न्हावी गेला आणि पाच मिनिटांनी समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत दिसला. ही इमारत मैदानाला अगदी लागून होती. पाच मजले, मजल्याला आठ गॅलऱ्या, आणि वर मोठी गच्ची. कोपऱ्यातल्या ध्वजापासून ते गोलपोस्टच्या जाळीतल्या भोकापर्यंत सगळं तिथून स्वच्छ दिसायचं. तिकीट साठ झालं तेव्हा गॅलऱ्या भरल्या, शंभर झालं तेव्हा गच्ची भरली. गर्दी वाढली तशी इमारतीच्या सोसायटीने जिन्याच्या वापरापोटी माणशी तीस घ्यायला सुरुवात केली. तिकीट पंचवीस झालं म्हणून जे लोक चिडले होते, त्यांनी ते तीस काही न बोलता काढून दिले, कारण सोसायटी खुर्ची देत होती.

मैदानात उरलेल्या मोजक्या माणसांत तिकीटबाबूचे सासरे होते.

सासरेबुवा एक्केचाळीस वर्षं क्लबचा घरच्या मैदानावरचा प्रत्येक सामना बघत आले होते. तिसऱ्या ओळीतलं डावीकडून दुसरं बाक त्यांचं. बसायला घरून उशी आणायची, मध्यंतराला ती उलटी करायची, एवढाच त्यांचा थाट. सासूबाई गेल्यापासून ते आठवडाभर फारसं बोलत नसत. जे काही बोलायचं ते रविवारी नव्वद मिनिटांत रेफरीला बोलून घेत आणि मग सोमवारपासून पुन्हा गप्प. ती नव्वद मिनिटं गेली, तर माणूस आतून विझून जाईल, हे तिकीटबाबूला दिसत होतं.

तिकीट तीनशे झालं त्या दिवशी सकाळी चहा पिताना बायकोने विषय काढला.

"अहो, बाबांकडून तुम्ही तीनशे घेणार?"

"मी नाही घेत. खिडकी घेते."

"खिडकीत कोण बसतं?"

तिकीटबाबूने बशीत चहा ओतला.

"फुकट सोडा ना त्यांना. एक म्हातारा माणूस. कोणाचं काय जातंय?"

"क्लबच्या नियमावलीत कलम नऊ आहे. कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांना फुकट प्रवेश नाही. मागच्या अध्यक्षांचे भाचे दर रविवारी सोळा जण यायचे म्हणून मीच लिहून दिलं होतं ते कलम."

"धन्य आहे तुमची," बायको म्हणाली.

पण सासरेबुवांना फुकट जायचंच नव्हतं. जावयाने गॅलरीत जायचं सुचवून पाहिलं, तर त्यांनी कानांवर हात ठेवले. "जावईबापू, वरून बघतो तो शेजारी. प्रेक्षक तिकीट काढतो," ते म्हणाले आणि त्यांनी तीनशे मोजून दिले. त्या दिवशी मैदानात चार जण होते. सासरेबुवा, आणि चष्मा घरी विसरलेले तीन परगावचे पाहुणे, ज्यांनी पाटीवरचं एक शून्य वाचलंच नव्हतं आणि पैसे दिल्यावर परत मागायची त्यांना लाज वाटली.

सहा हजार भागिले चार, दीड हजार. त्यापुढच्या रविवारी सासरेबुवा चालत आले. दर वेळी ते सायकलवर यायचे.

"सायकल कुठे आहे, बाबा?"

"विकली. एक तिकीट द्या."

तिकीटबाबूने तिकीट फाडलं, पण त्याला वर बघवेना. ज्या सायकलवरून सामना बघायला यायचं ती सायकल विकून म्हातारा सामना बघायला दोन मैल चालत आला होता. त्याने खटका एकदाच दाबला. सत्तराव्या मिनिटाला त्याने माइकवर सांगितलं, "आजची उपस्थिती, एक." समोरच्या इमारतीने टाळ्यांचा कडकडाट केला.

सोमवारी तो खजिनदारांच्या घरी गेला. ते गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालत होते.

"सर, आता तिकीट सहा हजार होणार. कोणीच येणार नाही."

"मग उपस्थिती शून्य."

"आणि त्याच्या पुढच्या सामन्याचं तिकीट?"

खजिनदारांचा झारी धरलेला हात थांबला. त्यांनी झारी खाली ठेवली आणि कुंडीतल्या मातीत बोटाने भागाकार मांडून पाहिला. "शून्याने भागता येत नाही," ते हळूच म्हणाले. "किंमत निघणार नाही. किंमत नाही म्हणजे तिकीट नाही. तिकीट नाही म्हणजे खिडकी बुजवावी लागेल. विटांचं बघावं लागेल." मग त्यांनी धीर देण्यासाठी तिकीटबाबूच्या खांद्यावर हात ठेवला. "पण सूत्र चुकलेलं नाही हो. प्रेक्षक चुकले."

म्हणजे आता सासऱ्यांचं बाकही जाणार होतं आणि आपली खिडकीही. तिकीटबाबूने घरी येऊन बायकोला सांगितलं. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि भाजी निवडता निवडता विचारलं, "ते मोजायचं यंत्र तुमच्याच मुठीत असतं ना?"

"म्हणजे खोटं मोजू? सव्वीस वर्षांत एक खटका जास्तीचा दाबला नाही मी."

"खोटं कोण म्हणतंय? सामना बघणारी माणसंच मोजा. कुठे बसून बघतात ते कलमात लिहिलंय का?"

लिहिलेलं नव्हतं. तिकीटबाबूने नियमावली तिथल्या तिथे काढून वाचली. 'उपस्थिती म्हणजे सामना पाहणाऱ्यांची यंत्राने केलेली मोजणी,' एवढंच होतं.

रविवारी पाटीवर सहा हजार लागले. सासरेबुवा उशी काखेत घेऊन आले, पाटी बघितली, आणि परत न जाता खिडकीला टेकून उभे राहिले. खिडकीच्या मागच्या फटीतून मैदानाची एक चिंचोळी पट्टी दिसायची, ती फक्त तिकीटबाबूला.

"काय झालं हो?" बाहेरून सासरेबुवांनी विचारलं.

"कॉर्नर मिळाला, बाबा."

"कोणत्या बाजूने?"

"डाव्या."

"तो नऊ नंबरचा पुढे नसेलच गेला. आळशी आहे मेला."

"नाही गेला."

म्हाताऱ्याने समाधानाने मान हलवली, पण त्याचे डोळे भरून आले होते आणि ते त्याने उशीच्या अभ्र्याला पुसले. ते पाहून तिकीटबाबू उठला. यंत्र घेऊन बाहेर मोकळ्यात आला, इमारतीकडे तोंड करून उभा राहिला आणि तळमजल्यापासून मोजायला लागला. गच्चीवरचं शेवटचं डोकं मोजून होईपर्यंत अंगठा दुखायला लागला. सत्तराव्या मिनिटाला त्याने जाहीर केलं, "आजची उपस्थिती, तीनशे बारा."

टाळ्या नेहमीपेक्षा थोड्या उशिरा आल्या. लोक आजूबाजूला बघत होते.

कार्यकारिणीच्या सभेत अध्यक्षांनी क्लबचं अभिनंदन केलं. दर सहा हजार केल्याबरोबर उपस्थिती एकावरून तीनशे बारावर गेली, यावरून लोक दर्जाला किंमत देतात हे सिद्ध झालं, असं ते म्हणाले. खजिनदारांना फक्त एक शंका होती.

"तिकिटांची जमा मात्र शून्य दिसते."

"सर, सूत्रात जमा नाही," तिकीटबाबू म्हणाला. "उपस्थिती आहे."

खजिनदारांनी सूत्र पुन्हा वाचलं. जमा खरंच नव्हती. गणिताच्या माणसाला तेवढं पुरेसं असतं. सहा हजार भागिले तीनशे बारा, एकोणीस आणि वर काहीतरी. सुट्ट्यांची कटकट नको म्हणून वीस ठरले. एवढ्या विक्रमी गर्दीचा पुढचा आकडा आपण जातीने तपासणार, असंही खजिनदारांनी जाहीर केलं आणि तशी त्यांची खुर्ची खिडकीत तिकीटबाबूच्या शेजारी मांडली गेली.

तो रविवार तिकीटबाबूच्या कायम लक्षात राहील. त्याने पाटी दोनदा पुसली आणि ठसठशीत वीस लिहिला. सासरेबुवा तासभर आधीच आले होते. त्यांनी वीस दिले, पहिलं तिकीट घेतलं, पण आत गेले नाहीत. ते इमारतीखाली जाऊन उभे राहिले आणि वर तोंड करून म्हणाले, "अरे, खाली या. वीस झालंय पुन्हा. आज तीनशे जण आत बसलो, तर पुढेही वीसच राहील."

तिसऱ्या मजल्यावरून न्हावी वाकला. "आजोबा, तुमचं अगदी पटतंय. पण या महिन्याचे सोसायटीला आगाऊ भरलेत हो."

"एकदम वीस?" चौथ्या मजल्यावरच्या कोणीतरी म्हटलं. "एवढं उतरलं म्हणजे खेळात काही दम नसणार."

"तुम्ही व्हा पुढे, आम्ही आलोच," गच्चीवरून आवाज आला. त्यावर सगळ्या इमारतीने माना डोलावल्या. खाली जायला कोणाचाच विरोध नव्हता. प्रत्येक जण फक्त दुसरा कोणी उठतोय का ते बघत होता, आणि ज्याच्याकडे बघावं तोही बघतच होता. तेवढ्यात शिट्टी वाजली आणि सगळे पुन्हा खुर्च्यांत टेकले.

सासरेबुवा आत गेले, उशी ठेवली, बसले. खजिनदार यंत्राकडे डोळे लावून बसले होते. त्यांच्यासमोर बाहेर जाऊन गॅलऱ्या मोजायची सोय नव्हती, आणि अंगठ्याला जे काम होतं ते एका खटक्यात संपलेलं होतं. सत्तराव्या मिनिटाला तिकीटबाबूने माइक उचलला.

"आजची उपस्थिती," तो म्हणाला आणि थांबला. "एक."

अख्खी इमारत उभी राहिली. इतक्या टाळ्या क्लबने आजवर ऐकल्या नव्हत्या. "याला म्हणतात निष्ठा," न्हावी भावाला म्हणाला आणि त्याने खरोखरीच डोळे पुसले. "अशी माणसं आता राहिली नाहीत. आपण पुढच्या रविवारी खाली जायचं म्हणजे जायचं." सासरेबुवांनी मागे वळून सगळ्यांकडे एकदा पाहिलं, मग सामन्याकडे तोंड केलं आणि उशी छातीशी धरून बसले.

खिडकीत खजिनदारांनी कागद पुढे ओढला होता. सहा हजार भागिले एक. त्यांनी तेवढ्यासाठीही हातचा धरून पाहिला आणि पाटी पुसायला फडकं तिकीटबाबूपुढे सरकवलं.

तिकीटबाबूने फडक्याला अजून हात लावलेला नाही. सामन्याची शेवटची मिनिटं चालू आहेत आणि यंत्र त्याच्या मुठीत आहे. खजिनदारांचं लक्ष नाही असं बघून त्याने मान वळवली आहे आणि तो आता तुमच्याकडे बघतो आहे. सामना तर तुम्हीही पहिल्यापासून पाहिलात. तुम्हाला बाकावर मोजू की गॅलरीत, एवढंच त्याला विचारायचं आहे.