शालनचा फोन कायम एंगेज

शालनचा फोन सकाळी एंगेज होता, जेवणानंतर एंगेज होता आणि दिवेलागणीलाही एंगेजच. कस्तुराबाईंनी रिसीव्हर आपटला.

"एवढं बोलते तरी काय ही बया!" त्या भिंतीला म्हणाल्या. राजाजीनगरच्या त्या घरात दिवसभर ऐकून घ्यायला भिंतच होती. मुलगा वासुदेव कंपनीत कॉम्प्युटरवर. निपाणीहून आल्यापासून फोन वाजायचा तो त्याचाच, "आई, उशीर होईल, जेवून घे" एवढं सांगायला.

एकटं वाटतं असं कस्तुराबाईंनी मेल्या तरी कबूल केलं नसतं. मराठी मंडळाच्या यादीत आपला नंबर चुकीचा छापलाय, म्हणून कुणाचा फोन येत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. यादी वासुदेवच्या कॉम्प्युटरात. पायात बूट घालता घालता त्यानं नंबर दुरुस्त केला, नवी यादी छापून घरोघर गेली. आता फोन येणार म्हणून बाई दोन दिवस जवळ बसून राहिल्या. मग 'नंबर नीट छापलेत का ते तपासायला' त्यांनी शालनला लावला. हळदीकुंकवात "या की एकदा" म्हणाली होती ती.

शालन लागेना म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी सुखदाचा नंबर काढला. तोही तोच! दोघी बसवनगुडीच्या, शेजारणी. एका फोनवर दोन घरं भागवत असतील. काटकसर बघा मेल्यांची! तो आपलाच नंबर आहे, हे कस्तुराबाईंना ओळखता आलं नाही. स्वतःचा नंबर स्वतः कोण फिरवतो? तो लोकांनी पाठ करायचा.

सगळं बेंगळूर एकमेकांशी बोलतंय, आपल्याला सोडून, असं मनात येतंय तोच फोन वाजला.

"सुखदा आहे?"

"नाही."

"कुठं गेलीय?"

"मला काय ठाऊक? मी काय तिची सासू?"

ठेवतात तोच दुसरा. "अण्णा आहेत का हो?"

कस्तुराबाईंच्या मालकांना सगळी निपाणी अण्णा म्हणायची.

"अण्णा गेले," त्या हळूच म्हणाल्या.

"अय्यो! परवा तर चिकपेटेत भेटले होते!" आणि फोन बंद.

तासाभरात मंडळाचे सेक्रेटरी मल्लाप्पाअण्णा यांच्या दारात माणसं हार घेऊन उभी. अण्णांनी स्वतःच दार उघडलं, तोंडात उप्पीट. एक बाई तिथंच मटकन बसली.

अण्णांनी वासुदेवला कंपनीत फोन केला. काय बोलले ते त्यानं घरी सांगितलं नाही, पण त्या दिवशी तो उजेडाचा घरी आला.

"आई, घोटाळा झाला. कॉम्प्युटरला अपडेटचा, म्हणजे बदलाचा, हुकूम लिहिताना 'व्हेअर'ची अट राहिली. कुणाचा नंबर बदलायचा ते सांगितलंच नाही मी. सगळ्या यादीला तुझाच नंबर लागला."

"रात्रीबेरात्री फोनवर कंपनीतल्या पोरांना काय शिकवत असतोस मग?"

"हेच! आधी तीच अट लावून सिलेक्ट करा, म्हणजे नुसतं काढून बघा, किती ओळी येतात ते बघा, मग अपडेट. सगळं नीट दिसलं तरच कमिट, म्हणजे कायमचं."

"आणि स्वतः?"

"घरचंच काम होतं ना, घाई केली."

"घरच्याच कामाला तुला घाई."

वासुदेवनं पायातले बूट काढून कोपऱ्यात ठेवले.

"आणि ती शालन? दिवसभर एंगेज?"

"तू स्वतःलाच फोन लावत होतीस, आई."

कस्तुराबाईंनी उठून कुकर लावला.

या वेळी वासुदेवनं सगळं तपासलं आणि बरोबर यादी पुन्हा घरोघर गेली. राँग नंबर बंद झाले. भांडायलाही कुणी उरलं नाही. कस्तुराबाईंनी फोन पुसला, त्यावरचा रुमाल बदलला, तार नीट आहे का पाहिली. मग चष्मा लावला आणि एकेक आकडा जपून फिरवला.

पलीकडे घंटी वाजली.

"हॅलो, शालन बोलतेय. कोण?"

कस्तुराबाईंनी पदर सारखा केला.

"कस्तुराबाई, राजाजीनगर. राँग नंबर लागलेला दिसतोय," त्या ठसक्यात म्हणाल्या. "पण आता लागलाच आहे, तर बोल. आज भाजी काय केलीस?"