ठेवणीतली प्लाझ्मा गन

लेकीने पसंत केलेला मुलगा पहिल्यांदाच घरी येणार म्हणून मुलुंडच्या विद्याधर करंदीकरांनी रविवारची दुपारची झोप सोडली होती. दीप्तीने आधीच बजावलं होतं, "बाबा, पगार, पत्रिका आणि घाटकोपरच्या फ्लॅटचा कार्पेट एरिया, यातलं काहीही विचारायचं नाही." आता हे वगळल्यावर होणाऱ्या जावयाशी माणसाने बोलायचं तरी काय? म्हणून सुयोगने टीव्हीखालचा दीप्तीचा व्हिडिओ गेम बघून "काका, तुम्हीपण खेळता?" असं विचारलं, तेव्हा काका घाबरून "थोडंफार" म्हणाले. (थोडंफार म्हणजे मोबाइलवर पत्ते. तेही हरत.)

चहा गार व्हायच्या आत काका चिलखत घालून एका लाल ग्रहावर उभे होते आणि समोरून म्हशीएवढे खेकडे येत होते.

"काका, गोळ्या मोजक्याच मिळतात," शेजारी दुसरा रिमोट घेऊन खेळायला बसलेला सुयोग समजावू लागला. "छोट्यांना पिस्तूल, मोठ्यांना शॉटगन. आणि पुढे सगळ्यात मोठा राक्षस येतो, त्याच्यासाठी ही प्लाझ्मा गन. एकदम भारी आहे."

एकदम भारी म्हटल्याबरोबर काकांनी ती मनातल्या मनात कपाटात ठेवून दिली. त्यांच्या घरी लग्नातला काचेचा डिनर सेट अजून खोक्यातच होता.

काका एक गोळी झाडायचे आणि लगेच रिलोड करायचे.

"असं नका करू काका. मॅगझिनमध्ये उरलेल्या गोळ्या वाया जातात."

"वाया म्हणजे?"

"फेकल्या जातात."

त्या क्षणापासून काकांनी गोळीबारच बंद केला आणि खेकड्यांना पिस्तुलाच्या मुठीने हाणायला सुरुवात केली. सगळी झुंज सुयोगवर पडली. तेवढ्यात डोंगराआडून एक भलामोठा राक्षस उठला.

"काका, माझा अ‍ॅमो संपला."

"संपला कसा, भरपूर आहे," स्वयंपाकघरातून उत्तराकाकू म्हणाल्या आणि आमरसाचं पातेलं घेऊन बाहेर आल्या.

"आंबा नाही गं आई, अ‍ॅमो. गोळ्या," दीप्ती म्हणाली. "बाबा, द्या ना त्याला थोड्या."

काकांनी रिमोट छातीशी धरला. "देतो की. पण पुढे सगळ्यात मोठा राक्षस येतो म्हणालास ना?"

"हाच तो, काका."

"याच्याहून मोठा नसेल कशावरून?"

काका विचार करत होते तोवर राक्षसाने सुयोगला उचलून आपटलं. "मेलो मी," सुयोग शांतपणे म्हणाला. दीप्तीने डोळे मिटून घेतले. जावई पहिल्यांदा घरी आला आणि सासऱ्याने त्याला मरू दिलं. तेही खिसे भरलेले असताना.

"अहो, द्या इकडे," म्हणत काकूंनी रिमोट ओढून घेतला. "हे निळं चमकतंय ते काय?"

"ते नको, ते ठेवणीतलं..."

काकूंनी बटण दाबलं ते सोडलंच नाही. राक्षसाचा भुगा झाला, त्याच्यामागच्या डोंगराचा झाला आणि प्लाझ्मा संपला तेव्हाच काकू थांबल्या.

"काकू, झकास," सुयोग चक्क उभा राहिला.

"पण सगळा संपवलास," काका कळवळून म्हणाले.

"बरं झालं काका. पुढच्या ग्रहावर जुनी शस्त्रं चालत नाहीत. उरलेलं सगळं फुकट जातं."

सुयोग आमरस खाऊन, पाया पडून गेला, पण लग्नाबद्दल एक अक्षर बोलला नाही. काकांना जेवण जाईना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचा फोन आला तेव्हा त्यांनी तो पहिल्याच रिंगला उचलला.

"काका, काकू आहेत का? रविवारी आमच्या गेमच्या टीममध्ये एक माणूस कमी पडतोय."

"माणूस ना?" काका घाईने म्हणाले. "मी मोकळाच आहे की."

"नको काका," सुयोग अतिशय आदराने म्हणाला, "तुम्ही आमच्या बाबांबरोबर बसून लग्नाची तारीख काढा ना. तिथे कोणी मरत नाही."