भूपालआण्णांचा आहेर

आमच्या वास्तुशांतीला भूपालआण्णांनी आहेर म्हणून काडेपेटी आणली. आत काड्या नव्हत्या, सात किडे होते. मसुराच्या डाळीएवढे, लाल, पाठीवर काळे ठिपके. माझ्या बायकोने, म्हणजे सुजाताने, पेटी उघडली आणि त्यातला एक थेट तिच्या नव्या साडीच्या पदरावर जाऊन बसला.

"बसू द्या," आण्णा म्हणाले. "ढालकिडा हाय, काय करत न्हाई. तुमच्या जास्वंदीवर मावा पडलाय, मी कंपाउंडावरनं बघितलाय. ह्या लेकी चार दिसांत साफ करत्यात."

आम्ही मूळचे वाईचे. बँकेतल्या बदलीमुळे सांगलीत आलो आणि आण्णांच्या शेजारचं जुनं घर विकत घेतलं. पूजेसाठी वाईहून आमचे गुरुजी आले होते. त्यांनी काडेपेटीत डोकावून पाहिलं आणि ह्यांना अक्षता वाहायच्या का, असं गंभीरपणे विचारलं. आण्णांनी तितक्याच गंभीरपणे नको म्हणून सांगितलं. हळदीकुंकवाची पूड त्यांना मानवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला आण्णा फाटकाशी हजर. "लेकी नांदत्यात न्हवं?"

सुजाताने झोपेतच नांदतायत म्हणून सांगितलं. पण मुलगी सासरी दिलेला बाप असल्या उत्तरावर परत जात नाही. आण्णा आत आले, चष्मा कपाळावर सारला, खिशातून भिंग काढलं आणि जास्वंदीची पानं एकेक उलटी करून पाहू लागले. हे भिंग शर्टाच्या वरच्या गुंडीला दोऱ्याने बांधलेलं असे. दुसऱ्या खिशात शाळेतल्या मुलांचा रंगवायचा ब्रश. किडा बोटाने उचलायचा नाही, ब्रशने उचलायचा, हा त्यांचा नियम. बोटाला मीठ असतं, म्हणत.

आण्णा घरात एकटे. आक्का, त्यांच्या पत्नी, आम्ही यायच्या आधीच गेलेल्या. मुलगा शिरवळला कारखान्यात, सणाला येणारा. या आण्णांनी मार्केट यार्डाजवळ तीस वर्षं काय विकलं असेल, तर कीडनाशकं. दुकान आता पुतण्याकडे आहे. जन्मभर किडे मारायचं औषध विकून आता किडे वाटत फिरणारा माणूस, म्हणून कॉलनीत त्यांची थट्टा व्हायची. आण्णा ती मनावर घेत नसत. "माल ओळखीचा हाय, म्हणूनच सांगतोय की," एवढंच म्हणत.

बोलण्यात मात्र दुकान उरलं होतं. पानावर मावा दिसला की "गिऱ्हाईक आलं." ढालकिडा उडून गेला की "माल खपला." लिंबावरची फुलपाखराची अळी पाहून ते मला म्हणाले की ही उधळी हाय, महिनाभर खाती आणि मग रंगीत कापडं घालून निघून जाती. त्यांच्या बागेत कुंभारमाशीने दाराच्या कडीवर मातीचं घर बांधलं, तेव्हा ते दार त्यांनी सहा आठवडे बंद ठेवलं. ते त्यांच्या स्वयंपाकघराचं मागचं दार होतं. केराची बादली ते पुढच्या दाराने, पाहुण्यांच्या समोरून, शांतपणे बाहेर नेत.

सुजाताशी त्यांचं एकदा बिनसलं. जास्वंदीवर तिला काळ्या, काटेरी, मगरीसारख्या दिसणाऱ्या बारीक अळ्या दिसल्या. तिने चपलेने त्या चिरडल्या आणि चांगलं काम केल्याच्या आनंदात आण्णांना सांगितलं. तिच्या चपलेचा तळ आण्णांनी भिंगातून पाहिला.

"वहिनी," ते शेवटी म्हणाले, "ती बाळं व्हती."

ढालकिड्याची पिल्लं तशीच दिसतात, हे आम्हाला कोण सांगणार? सुजाताला इतकं वाईट वाटलं की तिने त्यांना दुपारी पुरणपोळी नेऊन दिली. आण्णांनी ती खाल्ली. दुसऱ्या दिवशी ताटलीसोबत नवी काडेपेटी आली.

मग मागच्या हिवाळ्यात कॉलनीत सुरवंटांनी कहर केला. कोपऱ्यावरच्या शेवग्यावर ते हजारांनी झाले. वाळत घातलेल्या कपड्यांवर पडू लागले, माणसं अंग खाजवत बँकेत यायला लागली. त्या वर्षी कॉलनीचा सेक्रेटरी मी होतो. बैठकीत फवारणी करायचं ठरलं आणि आण्णांना समजावायचं काम माझ्याकडे आलं.

मी तयारी करून गेलो होतो. आण्णा भांडलेच नाहीत. सुरवंट लय माजलेत, मारायलाच पाहिजेत, म्हणाले. मला दोन दिवस द्या, एवढंच मागितलं. त्या दोन दिवसांत त्यांनी आपल्या आणि आमच्या बागेतले ढालकिडे ब्रशने एकेक टिपून प्लास्टिकच्या डब्यांत भरले. डब्यांच्या तोंडाला आक्कांच्या जुन्या साडीचं झिरझिरीत कापड बांधलं.

फवारणीवाला आला, तेव्हा खरा प्रकार झाला. पाठीवर पंप घेऊन तो झाडाकडे निघाला आणि आण्णा त्याच्या आडवे उभे राहिले. तोंडाला काय बांधणार, विचारलं. त्याने गळ्यातला टॉवेल दाखवला. आण्णा घरात गेले आणि मास्क, हातमोजे, डोळ्यांवरचा चष्मा असं सगळं नवं कोरं घेऊन आले. फवारणीवाला हसला. असल्या कामाला बारा वर्षं झालीत, काही होत नाही, म्हणाला. आण्णांचा आवाज चढलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"काय होत न्हाई म्हणून मीच सांगायचो. घाल ते."

त्याने घातलं. तरी वारा पडेपर्यंत आण्णांनी त्याला पंपाला हात लावू दिला नाही. सगळी कॉलनी खिडक्या लावून तासभर वारा पडायची वाट बघत बसली.

फवारणीनंतर ढालकिडे बागेत परत सोडता येणार नव्हते; संध्याकाळच्या आत डबे दुसरीकडे कुठेतरी पोचवायचे होते. आण्णा दर गुरुवारी एस.टी.ने भिलवडीकडे जात, हे मला माहीत होतं. कशासाठी, ते माहीत नव्हतं. त्या दिवशी मी त्यांना गाडीने नेलं. रस्ताभर ते डबे मांडीवर घेऊन बसले होते आणि खड्डा आला की श्वास धरत होते.

मळ्यातल्या घराशी श्रीपतीतात्या म्हणून त्यांच्याच वयाचे गृहस्थ बसले होते. दोघं शाळेपासूनचे मित्र. नमस्कार वगैरे काही नाही. आण्णा सरळ घरामागच्या चवळीच्या वेलांत शिरले आणि डबे उघडू लागले. तात्यांनी मला बाज दिली.

"ह्यो दर आठवड्याला किडं आणून सोडतोय," ते म्हणाले. "मी फवारू नये म्हणून."

मी विचारलं नव्हतं, पण त्यांनी सांगितलं. आठ वर्षांपूर्वी वांग्यावर मारायला त्यांनी आण्णांच्या दुकानातून औषध नेलं होतं. तोंडाला काही बांधायला लागतंय का, असं विचारलं होतं. दुकानात गर्दी होती. काय होत न्हाई, टॉवेल बांध, असं आण्णा म्हणाले. वारा उलटा फिरला. तात्या चार दिवस मिरजेच्या दवाखान्यात होते. बाकी सगळं बरं झालं, पण नाकाला वास यायचा बंद झाला, तो परत आलाच नाही.

"मी कवाच इसरलो," तात्या म्हणाले. "गोठ्यात बसून जेवलो तरी चालतंय आता. पर ह्यो इसरंना. दुकान दिलं पुतण्याला. आन ह्यो बसलाय किडं मोजत."

आण्णा वेलांतून बाहेर आले. आमचं बोलणं त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही. निघताना तात्यांनी वाफ्यातली कोथिंबिरीची एक काडी खुडली आणि त्यांच्या हातात दिली.

"कशी हाय?"

आण्णांनी ती बोटांत चुरडली, नाकाशी धरली आणि डोळे मिटले. हे दर गुरुवारचं असावं. पण त्या दिवशी त्यांना शब्द सापडेना.

"हिरवी हाय," ते म्हणाले.

"हिरवी मला बी दिसती गड्या."

आण्णांनी पुन्हा वास घेतला. "शाळंला जाताना तुझी आई भाकरीवर मिरची चेचून द्यायची. वर कोथमीर. फडकं सोडलं की सगळ्या वर्गात वास जायचा, आन मास्तर वळून बघायचं. तसली हाय."

तात्या वाफ्याकडे वळले.

"मग बरी हाय," ते म्हणाले. वाकून त्यांनी अख्खी जुडी उपटली आणि आण्णांना दिली.

गाडीत बसल्यावर मी काच खाली करायला गेलो. आण्णा म्हणाले, असू द्या बंद. सांगली येईपर्यंत जुडी त्यांच्या मांडीवर होती. गाडीभर कोथिंबिरीचा वास होता.