एका ‘टिंग’साठी भरलेलं गाव

"नुस्तं एकदाच?"

गहिनीनाथनं हे इतक्या हळू विचारलं, की फोनवर हैदराबादेत बसलेल्या लेकीला ते नीट ऐकूही गेलं नाही. चुलीपाशी बसलेल्या बायकोला, वनमालेला मात्र स्पष्ट ऐकू गेलं.

"एकदाच कसं, आण्णा? पिच्चरच्या बाकीच्या तुकड्यांत बी हाय मी," राजनंदिनी म्हणाली. "पण तिथं सगळ्यांच्या गलक्यात तुमाला कळायचं न्हाई. नवव्या तुकड्यात मात्र सगळे गप होतेत. झोपलेली राजकन्या डोळे उघडती, अन् मंग मी ट्रँगल, ती तिकोनी सळई, वाजविते. टिंग! सगळे एवढे मोठमोठे वाजवणारे गप बसलेले, अन् मी एकटी!"

पोरीचा आवाज आनंदानं भरून आला होता. त्यावर "मंग लईच झालं की" याखेरीज कोणता बाप काय म्हणेल? गहिनीनाथ तेवढंच म्हणाला, फोन ठेवला आणि खाटेवर मटकन बसला.

कारण चौकात फ्लेक्स लागलेला होता.

खरं तर गहिनीनाथ आयुष्यात कधी खोटं बोलला नव्हता. दुसऱ्यानं वाढवून सांगितलेलं मात्र त्यानं कधी खोडलं नाही, एवढाच काय तो दोष. राजनंदिनी शाळेत लेझमीपुढं झांज वाजवायची. अंबाजोगाईला कॉलेजात गेली तिथं ढोलापासून खंजिरीपर्यंत हाताला लागेल ते वाजवलं. मग पुण्याला शिकली आणि एक दिवस हैदराबादेत ऑर्केस्ट्रात लागली. ऑर्केस्ट्रा म्हटल्यावर गावानं आधी नाक मुरडलं. जत्रेत रंगीत लायटीखाली नाचगाणी होतात, त्याखेरीज दुसरा ऑर्केस्ट्रा गावाला माहीत नव्हता. पण ‘गरुडद्वीप’ सिनेमाची झलक मोबाईलवर आली, तिच्यात पंखवाले घोडे आणि आगीचा समुद्र दिसला, आणि त्यातलं वाजवणं राजनंदिनीच्या ऑर्केस्ट्राचं आहे असं कळलं, तशी मुरडलेली नाकं सरळ झाली. हॉटेलात पहिल्या दिवशी बोलणं झालं, "गहिनीनाथची पोरगी त्या पिच्चरात वाजविती." दुसऱ्या दिवशी, "पोरगी संगीतात हाय." आठवड्याच्या बाजारापर्यंत "संगीत तिचंच हाय" असं झालं. गहिनीनाथ प्रत्येक वेळी चहाचा घोट घेत नुसता हसला.

हे अमरसिंहांच्या कानावर गेलं. अमरसिंह म्हणजे पंचायत समितीचे माजी सभापती. गावात कुणाची म्हैस व्याली तरी अभिनंदनाचा फ्लेक्स त्यांच्या फोटोशिवाय लागत नसे. त्यांनी चौकात फ्लेक्स ठोकला: ‘महाचित्रपट गरुडद्वीपला संगीत देणारी आपल्या मातीची कन्या.’ त्यावर अमरसिंहांचं तोंड सुपाएवढं आणि राजनंदिनीचं सुपारीएवढं होतं. खाली आमंत्रण होतं: सिनेमा यायला अवकाश आहे, पण संगीत बाहेर पडलं आहे, तरी शनिवारी सकाळी मारुतीच्या पारावर समस्त ग्रामस्थांनी सहकुटुंब ऐकायला यावं.

"गावाला खरं सांगून टाका," वनमाला म्हणाली.

"खरंच तर हाय. पोरीनं न्हाई का दिलं संगीत?"

"संगीत दिलं अन् टिंग दिलं, यात काही फरक हाय का न्हाई?"

गहिनीनाथनं रात्रभर कूस बदलली. सकाळी मात्र तो ताज्या तोंडानं उठला. "हे बघ," तो म्हणाला, "लग्नात बामण किती येळ मंगलाष्टकं म्हणत असतो. सनई-चौघडा, पाहुणे, जेवणावळी, सगळं असतंय. पण लगीन लागतंय कवा? शेवटच्या ‘सावधान’ला. तो एक शब्द न्हाई म्हणला तर नवरा-नवरी घरी रिकामेच जातेल. आपल्या पोरीनं सावधान म्हणलंय!"

हे त्याचं त्यालाच इतकं पटलं, की अंगावर मूठभर मांस चढलं. आता फक्त गावाला ते टिंग ऐकू जायला हवं होतं. लेक दूरच्या मुलखात जाऊन एकटीनं काही वाजवते आणि ते आपल्या माणसांच्या कानावर पडू नये, तर मग त्या वाजवण्याला काय अर्थ?

शनिवारी पार फुलला. ऊसतोडीच्या टोळ्या निघायला अजून अवकाश होता, त्यामुळं गाव भरलेलं होतं. स्पीकरवाला उत्तरेश्वर कडा गावाहून भोंगे घेऊन आला. पण त्याचं मशीन त्याच्या वडिलांच्या काळातलं. मोबाईलची वायर बसेल असं भोकच त्याला नव्हतं.

"काळजी करू नका," उत्तरेश्वर म्हणाला. "आपल्याकडं इलाज हाय." त्यानं एक स्टीलचा तांब्या मागवला, गहिनीनाथचा मोबाईल त्यात उभा केला आणि तांब्याच्या तोंडाशी माईक लावला. आवाज झकास घुमला. फक्त माईकला सिनेमा आणि गाव यातला फरक कळत नव्हता. कुणी खोकलं, तर ते खोकणंही चारी भोंग्यांतून शिवारभर जायला लागलं.

गहिनीनाथ कामाला लागला. गिरणीवाल्याला हात जोडून गिरणी बंद करवली. ट्रॅक्टर वेशीबाहेर थांबवले. शेजारच्या केशरबाई शेळीशिवाय कुठं जात नसत, त्यांच्या शेळीपुढं शेवरीचा भारा टाकला. मग त्याची नजर वर गेली आणि तो जागीच थांबला. पाराला लागूनच मारुतीचं देऊळ, दारात पितळी घंटा, आणि वार शनिवार! येणारा प्रत्येक जण आधी घंटा वाजवणार. गर्दी आयती मिळेल म्हणून शनिवार गहिनीनाथनंच सुचवला होता.

त्यानं खांद्यावरचं उपरणं काढून घंटेच्या आतल्या लोळीला गुंडाळायला घेतलं.

"आरं, कावून देवाचं तोंड बांधायलास?" केशरबाई कडाडल्या. "पोरगी मोठी झाली म्हणून मारुतीपरीस मोठी झाली व्हय?"

उपरणं मुकाट्यानं खांद्यावर परत आलं. शेवटी त्यानं वनमालेच्या भावाला, परमेश्वराला, घंटेखाली उभं केलं.

"दाजी, बिनघोर राहा," परमेश्वर मिशीवरून हात फिरवत म्हणाला. "मी असल्यावर कोणाची हिंमत हाय?"

संगीत सुरू झालं. शंभर वाद्यांचा मेळ तांब्यातून उठला आणि पारावरून गावावर पसरला. पहिल्या तुकड्याला लोक ताठ बसले. दुसऱ्याला इकडंतिकडं बघायला लागले. तिसऱ्याला कुणीतरी विचारलं, "गाणं कवा सुरू व्हायचं?"

"गाणं न्हाई, नुस्तं वाजवणं हाय," गहिनीनाथनं समजावलं.

लढाईचा तुकडा आला तेव्हा नगाऱ्यांनी भोंगे थरथरले, केशरबाईंची शेळी दावं तोडून पळाली आणि लोकांना मजा वाटायला लागली. त्यामागून सारंगीसारखं काहीतरी इतकं दुखरं वाजलं, की केशरबाईंनी डोळ्याला पदर लावला.

"कोण मेलं गं ह्यात?"

"अजून कोणी न्हाई, मावशी," वनमाला म्हणाली. "पिच्चर निघायचाय."

आठवा तुकडा संपताना गहिनीनाथ माईकपाशी गेला आणि सावधानाचं भाषण करून खाली आला. "आता सगळं गप होईल," त्यानं शेवटी बजावलं होतं, "अन् त्या गपीत जे वाजंल, ती माझी राजनंदिनी! कानात जीव आणा."

लोकांनी खरोखर कानात जीव आणला. नववा तुकडा सुरू झाला. हळूहळू एकेक वाद्य गळत गेलं. बासऱ्या थांबल्या, तारा थांबल्या. सगळा पार डोळे मिटून, श्वास धरून बसला.

आणि त्याच क्षणी अमरसिंह आले.

पुढारी वेळेवर येत नाही, हे गाव जाणून होतं. पण नेमकं असं अवेळी येणं त्यांनाही आजवर साधलं नव्हतं. गाडीतून उतरून ते थेट देवळाकडं चालले. परमेश्वरानं छाती पुढं काढली, आडवा हात केला, साहेबांचा चेहरा पाहिला, आणि तोच हात जोडून तो बाजूला झाला. बाजूला होताना त्यानं "या साहेब" असंही म्हटलं. ते भोंग्यातून शिवारभर ऐकू गेलं. पाठोपाठ अमरसिंहांनी हात उंचावून घंटा हाणली.

ठण्ण! चारी भोंगे दणाणले, झाडावरचे कावळे उडाले.

"वाजली!" कुणीतरी ओरडलं. "राजनंदिनी वाजली!"

टाळ्यांचा नुसता पाऊस पडला. हलगी कडाडली, नारळ फुटला. अमरसिंह वळले. समोर अख्खं गाव टाळ्या पिटत होतं. एवढं उत्स्फूर्त स्वागत त्यांचं निवडून आल्यावरही झालं नव्हतं. ते भारावले, दोन्ही हात जोडून गर्दीतून फिरले आणि माईकपाशी येऊन म्हणाले, "आपल्या प्रेमाचा मी सदैव ऋणी हाय." तांब्यात बिचारा नववा तुकडा केव्हाच संपून गेला होता.

"काय वाजविलंय पोरीनं! जणू आपल्या मारुतीचीच घंटा!" लोक गहिनीनाथला मिठ्या मारत होते. कुणी कपाळाला गुलाल लावला. पण टिंग कुणीच ऐकलं नव्हतं, आणि हे त्याच्याखेरीज फक्त वनमालेला ठाऊक होतं.

ती कडेला उभी राहून त्याच्याकडं बघत होती. गप्प बसला असता तर सगळं निभावलं असतं. इज्जत राहिली होती, साहेब खूष होते, गाव खूष होतं. शिवाय दुसऱ्यानं केलेलं कौतुक न खोडण्यात गहिनीनाथचा हातखंडा होता. पण त्याच्या डोळ्यापुढं राजनंदिनी आली, हातात तिकोनी सळई धरून, सगळे गप झालेल्या खोलीत आपली पाळी येण्याची वाट बघणारी. तो पुढं झाला आणि साहेबांच्या हातातला माईक त्यानं चक्क काढून घेतला.

"मंडळी, टाळ्या थांबवा. आता वाजली ती आपली घंटा व्हती. साहेबांनी वाजविली. माझ्या पोरीचं अजून राहिलंय." टाळ्या थांबल्या. "अन् अजून एक. संगीत तिनं न्हाई दिलं. तुमी म्हणलात, मी ऐकून घेतलं. तिनं फकस्त एक टिंग वाजविलंय. लई बारीक हाय. पण ते तिचं एकटीचं हाय, अन् ते मला तुमाला ऐकवायचंय."

सगळ्यांच्या माना अमरसिंहांकडं वळल्या. साहेबांचा चेहरा आधी काळा, मग तांबडा झाला. पण मुरलेला पुढारी वारं कुठं वळलंय ते बरोबर ओळखतो. ते तरातरा देवळापाशी गेले, परमेश्वराला बाजूला सारलं आणि स्वतः घंटेची लोळी दोन्ही हातांनी घट्ट धरून उभे राहिले.

"लाव रे, उत्तरेश्वर," ते म्हणाले. "बघतो कोण वाजवतंय ते."

नववा तुकडा पुन्हा लागला. बासऱ्या थांबल्या, तारा थांबल्या.

टिंग.

बस्स, एवढंच. पण ते भोंग्यातून निघालं आणि पारावरून, कौलांवरून, वेशीबाहेरच्या उसावरून तरंगत लांबवर गेलं. विरून गेलं तरी कान त्याच्या मागं जात राहिले. कुणी टाळी वाजवली नाही.

"एवढंच?" मागून कुणीतरी म्हणालं.

"गप रे मुडद्या," केशरबाई म्हणाल्या. "परत लाव."

परत लावलं. मग आणखी एकदा लावलं. लोकांचं मन भरेना. शेवटी वनमालेनं तांब्यातला मोबाईल काढला, लेकीला फोन लावला आणि माईकपुढं धरला. "बोल गं. सगळं गाव ऐकतंय."

"सगळं गाव?" राजनंदिनीचा आवाज कापला. "ऐकलं का तुमी? लई तरास दिलता त्या टिंगनं. आमचे संगीतवाले साहेब म्हणायचे, मोठं नको, बारीक बी नको. दिवसभर मला जमंना, रडायला आलतं. मंग मी डोळे झाकले अन् आपला मारुती आठवला. शनवारी पहाटं आण्णासंगं शेतावर असले, की गावातली घंटा लांबून यायची बघा, तशी. तशीच वाजविली, अन् साहेब म्हणले, हीच!"

गहिनीनाथ उपरण्यात तोंड लपवून रडला आणि ते रडणंही शिवारभर ऐकू गेलं. आपण रडतोय याची त्याला मुळीच लाज वाटली नाही.

सगळ्यात आधी सावरले अमरसिंह. घंटा अजून त्यांच्या हातातच होती. "म्हंजे," ते सावकाश म्हणाले, "मघाशी गावाची काही चूक झाली न्हाई तर. अन् आमची बी न्हाई."

सोमवारी चौकात नवा फ्लेक्स लागला: ‘गरुडद्वीपमधील घंटानादाचे मूळ प्रेरणास्थान.’ त्यात घंटेला हात लावलेले अमरसिंह होते, आणि कोपऱ्यात, दोन्ही हात जोडून, परमेश्वरही होता. वनमाला भडकली. गहिनीनाथनं मात्र फ्लेक्स नीट निरखला. या खेपेला लेकीचं तोंडही सुपाएवढं होतं, साहेबांच्या अगदी बरोबरीनं. तो काही बोलला नाही.

त्याला बोलायला शनिवार होता. आता त्या गावात कुणी घंटा नुसती बडवून आत जात नाही. एकदाच वाजवायची, मान तिरकी करून ऐकायचं, आणि पायरीवर बसलेल्या गहिनीनाथकडं बघायचं, अशी रीत पडली आहे. तो डोळे मिटून ऐकतो. मनासारखं झालं तर मान हलवतो, नाही तर नाही. त्यामुळं शनिवारची रांग पार शाळेपर्यंत जाते. गेल्या शनिवारी अमरसिंह आले, गाडीतून उतरले, हात वर करून त्यांनी घंटा वाजवली आणि आत पाऊल टाकणार, तोच पायरीवरून आवाज आला.

"साहेब, जरा मोठं झालं," गहिनीनाथ डोळे न उघडता म्हणाला. "परत वाजवा."

आणि साहेबांनी परत वाजवली.