सातपाटीचा स्वतःचा कोड

सातपाटीच्या शाखेला स्विफ्ट कोड नाही, हे नरहरी तांडेलांना ऐन वैशाखात कळलं आणि गावाची अब्रू त्याच दिवशी गेली.

त्यांचा धीरज परदेशी जहाजावर होता. घरच्या होडीच्या नव्या इंजिनासाठी तो पैसे पाठवणार होता, आणि तिकडची बँक इथल्या बँकेच्या ओळखीचा कोड मागत होती. मॅनेजर दीपिकाबाईंनी तो तत्परतेने लिहून दिला.

"हा मुंबईच्या मुख्य शाखेचा. पैसे तिथे उतरतात, मग तुमच्या खात्यात येतात. सगळ्यांचे असेच येतात."

"माज्या पोराचा पैसा मुंबईला कशाला उतरंल? आमच्या गावाला काय बंदर नाय?"

या मुद्द्यावर दीपिकाबाईंना परिपत्रक सापडलं नाही.

नरहरींनी कोड हक्क समिती काढली. निवेदनं गेली, मोर्चा निघाला. बातमी पसरली तशी शेजारची गावंही पेटली. एका गावात बँकच नव्हती. त्यांनी ठराव केला की आधी कोड द्या, बँकेचं मागाहून बघू.

तोवर पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठली. गावच्या होड्या समुद्रात गेल्या, नरहरींची इंजिनावाचून वाळूत राहिली. त्यांच्या बायकोचा, शालूताईंचा संताप अनावर झाला.

"मुंबईचा कोड लिवला तर काय तोंड काळं होनार हाय?"

"अब्रूचा सवाल हाय, शालू."

"मग टोपलीत अब्रू घेऊन बसू बाजारात? कोन घेईल?"

शेवटी वरिष्ठ कार्यालयाने कंटाळून कोड मंजूर केला. बँड वाजला, नारळ फुटला. वाळूतल्या होडीवर सोनेरी रंगात कोड रंगवला गेला आणि धीरजने त्याच कोडवर पैसे पाठवले. ते आल्या पावली परत गेले.

"नवा कोड तिकडच्या यादीत चढायला वेळ लागतो," दीपिकाबाई म्हणाल्या. "तोवर मुंबईचा वापरा."

"आता? सोताचा कोड असताना?" नरहरींच्या डोळ्यांत पाणी आलं. पण मान ताठच होती.

होडी अजून वाळूतच आहे. लोक लांबून येऊन तिच्यासोबत फोटो काढतात. शालूताई दुसऱ्यांची मासळी विकतात.

तुम्हाला हसू आलं असेल. खुशाल हसा. पण तुमच्या शाखेला स्वतःचा कोड आहे, की तुम्हीही मुंबईच्याच नावावर जगताय?

पासबुक शोधायला उठलात ना? या. समितीत उपाध्यक्षाची जागा रिकामी आहे.